पंचक्रोशीच्या आतला इलाज

डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"कैंसर है. प्रोस्टेट का," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "बाबूजी बाहर बैठे हैं न? बुला लीजिए."

मी म्हणालो, "अभी नहीं."

बाबूजी म्हणजे माझे वडील, अण्णा. वय चौऱ्याहत्तर. दाराच्या काचेतून मला त्यांची शेंडी आणि उपरण्याचं टोक दिसत होतं. मांडीवर घरून आणलेला फिरकीचा तांब्या. बाहेरचं पाणी ते पीत नाहीत.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहून टाकतो, कारण खरं तेच लिहायचं ठरवून बसलो आहे. आजार किती पसरला असेल, हे मला सुचलंच नाही. मला वाटलं, पुन्हा तोच प्रसंग आला. आता यांना कुठे न्यायचं, हे पुन्हा मला ठरवावं लागणार.

आमचं घर काशीत ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत आहे. पाच पिढ्या इथेच गेल्या. अण्णा वैदिक. संहिता शिकवतात, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कार्यं करतात. मी सरकारी बँकेत आहे. सहा वर्षांपूर्वी आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा आजार बराच पुढे गेला होता. इथल्या डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. मुंबईला बहीण राहते, तिच्याकडे राहून मोठ्या इस्पितळात दाखवू म्हणालो. अण्णा एकच वाक्य बोलले होते, "तिला इथंच राहू दे."

त्यावर मी ओरडलो, "अण्णा, तुमच्या मोक्षासाठी मी आईला मरू देणार नाही."

मुंबईला नेल्यापासून एकोणिसाव्या दिवशी आई तिथेच गेली.

काशीत जन्म काढलेल्या माणसाला मरण काशीबाहेर येणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. लोक हजार मैलांवरून शेवटचे दिवस काढायला इथे येतात. आईला मी इथून उचलून नेलं. यात्रेकरूंसारखे आम्ही अस्थी घेऊन आमच्याच घरी उतरलो. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अस्थींचे विधी केले, तेच त्यांनी त्या दिवशी केले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीक्षेत्राची सीमा, पंचक्रोशीची वाट, ओलांडायची नाही असा संकल्प. मी लोकांना सांगायचो, अण्णांची श्रद्धा मोठी. तो संकल्प माझ्यापासून बचाव म्हणून असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता आजाराकडे येतो. ज्यांच्या घरात साठीच्या पुढचा पुरुष आहे त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की ती बहुतेकांची फुगते, आणि नळी दाबली जाते. धार बारीक होते, वेळ लागतो, पुन्हापुन्हा जावं लागतं. हे सगळं कॅन्सरशिवायही होतं. आणि कॅन्सर असतो तेव्हा कित्येकदा सुरुवातीला काहीच होत नाही. त्यामुळे लक्षणांवरून घरबसल्या काही ठरवता येत नाही. हे वाक्य मी डॉक्टरांकडून तीनदा ऐकलं.

अण्णांना दोन वर्षं त्रास होता. वेदपारायणात वैदिक ओळीने बसतात. मध्येच उठणं बरं दिसत नाही. उठलंच तर हातपाय धुवून, आचमन करून परत बसायचं, सोवळ्यात असलं तर पुन्हा स्नान. तोवर पाठ पुढे गेलेला. त्यांना दोनदा उठावं लागलं तेव्हा एकाने विचारलं, "काय गुरुजी, आसनाला काटे आले का?" सगळे हसले. मीही तिथे होतो, मीही हसलो. घरी येऊन वर म्हणालो, "अण्णा, निघायच्या आधी जाऊन येत जा ना. लहान आहात का?"

त्या दिवसापासून त्यांनी पाठाच्या दिवशी पाणी पिणं सोडलं. माझी बायको मेधा म्हणायची, अण्णांचा तांब्या भरलेलाच परत येतो. मी लक्ष दिलं नाही.

मागच्या श्रावणात, भोसले घाटाजवळच्या एका यजमानांकडचं पारायण संपवून अण्णा दुपारी घरी आले आणि जिन्यातच बसले. सकाळपासून लघवी झाली नव्हती. पोट खाली टणक, कपाळावर घाम. रिक्षातून इस्पितळात नेलं. तिथे कॅथेटर, म्हणजे लघवीच्या मार्गातून रबरी नळी घातली. पिशवी भरत गेली तसा त्यांचा चेहरा सैल झाला. पिशवीतला रंग मात्र लालसर होता.

डॉक्टरांनी विचारलं, "पंडितजी, पेशाब में खून पहले भी आया था?"

अण्णा भिंतीकडे पाहत म्हणाले, "चैत्र से."

चैत्र ते श्रावण. चार महिने. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो.

"अण्णा, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तिकीट काढलं असतंस," ते म्हणाले.

औषधं सुरू झाली, काही दिवसांनी नळी काढली. पुढे तपासण्या. डॉक्टरांनी आधी बोटाने तपासलं. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात, त्याला डीआरई म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम. अण्णांना त्याची लाज फार वाटली, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण ग्रंथीचा एक भाग दगडासारखा कडक आहे, हे त्या अर्ध्या मिनिटात कळलं.

मग पीएसए. ही साधी रक्ताची तपासणी. प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन रक्तात किती आहे ते मोजतात. ते वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. सूज आली, जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, नळी घातली, तरी वाढतं. म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे थांबायला सांगितलं. ते थांबणं मला जड गेलं. बँकेत कुणी फॉर्मवर 'पी' लिहिला तरी मला आधी पीएसए दिसायचा. भाद्रपदात रक्त दिलं, आकडा आला अडतीस. एरवी चारच्या आसपास डॉक्टर विचार करू लागतात. मग एमआरआय, आणि एमआरआयमध्ये संशयाची जागा दिसली म्हणून बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. त्याचाच रिपोर्ट त्या दिवशी टेबलावर होता. त्यात ग्लीसन स्कोअर आठ होता. पेशी किती बिघडल्या आहेत याचं ते माप. सहा म्हणजे मवाळ, दहा म्हणजे सर्वांत आक्रमक.

आठ ऐकल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "चैत्र में आते तो?"

ते म्हणाले, "देखिए, उसका हिसाब मत लगाइए. आज से लगाइए."

मी आजही तो हिसाब लावतो.

अण्णांना मी बाहेर येऊन सांगितलं, "गाठ आहे, साधी. औषधं देतील." ते बरं म्हणाले. नंतर हाडांचा स्कॅन झाला. हा आजार पसरला तर बहुधा आधी हाडांत जातो. दंडातून किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात आणि तीन तासांनी सगळ्या सांगाड्याची छायाचित्रं काढतात. ते तीन तास आम्ही इस्पितळाच्या अंगणात कडुनिंबाखाली बसलो. मी त्यांना घरच्या गोष्टी सांगत होतो, बँकेतल्या सांगत होतो. थांबलो असतो तर त्यांनी विचारलं असतं.

शेवटी तेच म्हणाले, "विनू, समोर पाटी आहे."

समोर फूटभर अक्षरांत कॅन्सर विभाग असं हिंदीत लिहिलेलं होतं. बाण काढून.

"मी वेद शिकवतो रे. पाटी वाचता येते मला."

मला रडू आलं. ते मात्र तांब्याची फिरकी उघडून दोन घोट प्यायले आणि म्हणाले, "आधी स्कॅन काय म्हणतोय ते बघू. मुंबईचं नंतर काढ."

स्कॅनचा निकाल यायला आठ दिवस लागले. मधे सुट्ट्या आल्या. त्या आठ दिवसांत अण्णा पाठीला हात लावून उठले तरी मेधा आणि मी एकमेकांकडे बघायचो. कंबर दुखते ती वयाने, की आतल्याने? विचारायची हिंमत होत नव्हती. निकाल आला, हाडं स्वच्छ. ग्रंथीच्या कवचाबाहेर थोडंसं गेलं होतं, लांब गेलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग अण्णांना समोर बसवून सगळे मार्ग सांगितले. मला त्यांचं हे फार आवडलं, की ते माझ्याकडे न बघता अण्णांकडे बघून बोलत होते. आजार मवाळ असेल तर काही न करता दर काही महिन्यांनी तपासण्या करत लक्ष ठेवतात. पुष्कळांना तेवढंच पुरतं. दुसरा मार्ग शस्त्रक्रिया, ग्रंथी काढून टाकणं. त्यानंतर काहींना लघवीवर ताबा राहायला वेळ लागतो, पुरुषत्वावरही परिणाम होतो. तिसरा रेडिएशन, किरणांनी पेशी मारणं. चौथा हार्मोनचा इलाज. पुरुषी संप्रेरकावर हा कॅन्सर पोसला जातो, म्हणून इंजेक्शन देऊन ते संप्रेरकच बंद पाडायचं. खूप पसरलं तर केमोथेरपीही असते. अण्णांचं वय आणि आजाराची पायरी बघता डॉक्टरांनी हार्मोन आणि रेडिएशन दोन्ही सुचवलं.

संध्याकाळी मुंबईहून बहिणीचा, वासंतीचा फोन आला. "दादा, इकडे आण त्यांना. इथे चांगली मशिनं आहेत. या वेळीही उशीर करणार आहेस का?"

"या वेळीही" हे तिने सहज म्हटलं असेल. मला दोन्हीकडून लागलं. नेलं आणि काही झालं, तर आईसारखं. न नेलं आणि काही झालं, तर मी भावनेच्या भरात वडिलांना मारलं. दोन दिवस मी फायलीतले कागद वर-खाली करत राहिलो. तिसऱ्या दिवशी रजा टाकून एकटाच डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारलं, "आपके पिताजी होते तो?"

"यहीं करवाता," ते म्हणाले. "मशीन वही है, दवा वही है. और पाँच हफ्ते रोज़ आना है, अपने घर से आएँगे तो आदमी टिकता है."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इस्पितळ पंचक्रोशीच्या आत आहे ना?"

आम्ही दोघांनी जमिनीवर बसून, जुन्या यात्रेच्या वाटेवरचे मुक्काम एकेक आठवत, खडूने रेघ काढली. इस्पितळ रेघेच्या बरंच आत आलं. अण्णा म्हणाले, "मग चल." मी त्या खडूच्या रेघेकडे पाहत राहिलो. सहा वर्षांपूर्वी ती मी इतक्या घाईने ओलांडली होती, की आई त्या दिवशी काही म्हणाली का, तेही मला आठवत नव्हतं.

आश्विनात पहिलं इंजेक्शन झालं. तीन आठवड्यांनी अण्णांना अंगातून वाफा येऊ लागल्या. थंडीत उपरणं काढून वारा घ्यायचे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पाळी जाताना बायकांना होतं तसं होईल. एकदा मेधाला म्हणाले, "विनूची आई पदराने वारा घ्यायची, तेव्हा मी म्हणायचो, काय सारखं चालवलंयस. आता कळतंय." मेधा आत निघून गेली. थकवाही फार येतो, हाडं विरळ होतात म्हणून कॅल्शियम घ्यावं लागतं. हे सगळं आधी माहीत असलं तर घाबरगुंडी कमी होते.

मार्गशीर्षात रेडिएशन सुरू झालं. पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. किरण दुखत नाहीत, दिसतही नाहीत. कठीण असतं ते वेगळंच. पोट साफ हवं आणि मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे आतडी बाजूला राहतात आणि नेम चुकत नाही. अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून बसायचं. दोन वर्षं पाण्याला घाबरलेल्या माणसाला हे सांगितलं गेलं.

पहिल्या दिवशी जमलं नाही. धोतर ओलं झालं. मी शाल पुढे धरून त्यांना न्हाणीघरापर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरचे गाझीपूरचे एक निवृत्त मास्तर, त्यांचाही हाच आजार, मिस्कील हसत म्हणाले, "का गुरुजी, आज बान्ह टिकी कि टूटी?" म्हणजे आज धरण टिकणार की फुटणार?

अण्णा म्हणाले, "मास्टरसाहब, आपका टिका है, इसलिए बोल रहे हैं."

"हमार? अरे हम तो दू जोड़ी धोती लेके आए हैं!"

दोघं हसले, आणि लगेच दोघांनीही हसू आवरलं, कारण हसणं परवडणारं नव्हतं. तेव्हापासून अण्णांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. ते डोळे मिटून मनात एक अध्याय म्हणत. त्यांना माहीत असतं कुठला अध्याय किती वेळाचा. अध्याय संपायच्या बेताला नाव पुकारलं जायचं.

चौथ्या आठवड्यात एकदा मशीन अडकलं. अध्याय संपला, नाव येईना. अण्णांच्या कपाळाची शीर तटतटली.

"विनू, बोल काहीतरी. नाहीतर सुटेल."

मला दुसरं काही सुचलं नाही. सहा वर्षं जे घशात होतं तेच बाहेर आलं. "अण्णा, आईच्या वेळी मी तुम्हाला बोललो होतो. मोक्षाचं."

"माहीत आहे."

"मी तिला नेलं नसतं तर..."

"तुझ्या बोलण्यानं ती गेली नाही रे," अण्णा दात आवळून म्हणाले. "मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, तू नाही म्हण, तुझं तो ऐकेल. ती म्हणाली, मी जाते. नाही गेले तर या पोराला जन्मभर वाटत राहील की आपण आईसाठी काही केलं नाही."

मी हातातली फाईल बाकावर ठेवली.

"तरी वाटतंच आहे तुला," ते म्हणाले. "तिचं जाणं फुकट घालवू नकोस."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"रागावलो होतो मी. सहा वर्षं रागावलो होतो. सांगितलं असतं तर तू सुटला असतास." मग घाईने, "बघ बघ, नाव घेतलं का?"

नाव घेतलं होतं. ते गुडघे जुळवून, छोटी छोटी पावलं टाकत आत गेले. मास्तर मागून ओरडले, "सम्हार के, गुरुजी!"

इलाज पौषात संपला. इंजेक्शनं अजून चालू आहेत, पुढेही काही काळ राहतील. पीएसए आता एकाच्याही खाली, दशांशात आला आहे. डॉक्टर "ठीक हो गया" म्हणत नाहीत, "काबू में है" म्हणतात. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचा दिवस आला की आमच्या घरात आमटीत मीठ कमी-जास्त होतं. ही भीती जात नाही. तिच्यासकट जेवायला शिकावं लागतं.

डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, वडिलांना असेल तर मुलाने पन्नाशीची वाट बघू नये. मी एकोणपन्नासचा. हेही मी सात महिने टाळलं, मेधाला सांगितलंसुद्धा नाही. वडिलांना 'का नाही सांगितलंत' म्हणून विचारणारा मी. शेवटी एके सकाळी अण्णाच तांब्या घेऊन दारात उभे राहिले. "चल. तुझी जाँच करून येऊ." रक्त काढताना म्हणाले, "तोंड इकडे कर. लहानपणी तू सुईला लाथ मारायचास." माझा आकडा हद्दीच्या आत आहे, पण हद्दीच्या जवळ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचा. ते सहा महिने आत्ता चालू आहेत.

डॉक्टरांचा, त्या मशीनवरच्या माणसांचा, गाझीपूरच्या मास्तरांचा मी ऋणी आहे. आईचा किती, ते मला या वर्षी कळलं.

परवा श्रावणातलं पारायण झालं. त्याच यजमानांकडे. अण्णा वर्षभराने ओळीत बसले होते. अर्धा तास झाला असेल, त्यांनी शेजाऱ्याला खूण केली, पाठ त्याच्यावर सोपवला आणि उठले. एकदोघांनी माना वर केल्या. अध्याय संपताच जरा शांतता झाली, तेव्हा दाराशी थांबून अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी जाऊन येतो. सकाळपासून पाणी न पिता बसलेले आणखी कोण आहेत, त्यांनीही चला. लाजू नका. लाजून मी दोन वर्षं घालवली."

कुणी हसलं नाही. मग ओळीतून ते गुरुजी उठले, ज्यांनी काट्यांचं विचारलं होतं. त्यांच्या मागून आणखी एक.

मी अंगणातल्या नळाखाली हातपाय धुवायला तांब्या भरून ठेवला. तिघांना पुरेल एवढा.